पेटीतला आवाज

नवरा निवृत्त झाला की दिवसभर बायकोच्या पायात घुटमळतो, अशी समस्त बायकांची तक्रार असते. काकूंच्या नशिबी तेही सुख नव्हतं. काका निवृत्त झाले आणि महिना उलटायच्या आत त्यांनी काकूंना सवत आणली. सवत म्हणजे मागच्या गल्लीतल्या बंद पडलेल्या लॉन्ड्रीत काही हौशी मंडळींनी थाटलेला अड्डा.

लॉन्ड्रीचे वाफेचे नळ अजून भिंतींवर होते. त्यांच्याखाली लांबलचक टेबलं मांडलेली, आणि टेबलांवर पोट फाडलेले रेडिओ, उघडे कॉम्प्युटर, पंख्यांच्या सुट्या मोटर, वायरींची भेंडोळी. अड्ड्याला मालक नव्हता आणि फी नव्हती. ज्याला येतं त्याने शिकवायचं, ज्याला येत नाही त्याने शिकायचं, आणि ज्याला दोन्ही नको त्याने निदान झाडू मारायचा. काका जन्मभर लिफ्टची दुरुस्ती करत आले होते, त्यामुळे ते शिकवणाऱ्यांत गेले. तिथे सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणत. दुपारचं जेवण झालं की हात धुऊन जे जायचे, ते दिवेलागणीला हाताला वितळलेल्या कथलाचा वास घेऊन परत. काकू घरी लोकांचे कपडे शिवायच्या, उसवायच्या, आखूड-लांब करून द्यायच्या. "जा, वाट बघत असेल ती," असं त्या मशीनवरून मान वर न करता म्हणायच्या, आणि काका खुशाल जायचे.

अड्डा सुरू केला होता मास्तरांनी. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे आणि शाळेतली शिस्त त्यांनी तिथेही आणली होती. तिथला एकच नियम मोडायची कुणाची छाती नव्हती. शनिवारी संध्याकाळी टेबल रिकामं, कचऱ्याचा डबा रिकामा, कॉम्प्युटर रिकामा. अड्ड्याचा कॉम्प्युटर सगळ्यांचा मिळून एक. प्रत्येक जण आपलं अर्धमुर्धं काम त्यात ठेवून जायचा आणि शेवटी तो गुदमरून बंद पडायचा. म्हणून शनिवारी जे कुणी उचलून नेलं नसेल ते सगळं पुसायचं. कुणाचं काही राहिलं तर ते त्याचं नशीब. मास्तर म्हणायचे, "घाण साठवून कुणी शहाणा झालेला नाही." आणि सगळ्यांना ते पटायचं, कारण खरंच पटण्यासारखं होतं.

काकांचा घसा बसला तेव्हा ते म्हणाले गारठ्याने बसलाय. मग म्हणाले धुळीने. तिसरं कारण शोधायच्या आत काकूंनी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गाठ स्वरयंत्रावर होती आणि स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. जीव वाचेल, आवाज जाईल. काका परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "बरं झालं, आता भांडणात तू जिंकशील." काकूंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर रस्त्यातच बांध फुटला असता.

बातमी अड्ड्यावर गेली आणि मंडळी कामाला लागली. दुःख झालं की माणसं रडतात, नाहीतर भेटायला फळं घेऊन येतात. या मंडळींना दुःख झालं की ती काहीतरी बनवायला घेतात. त्यांनी एक पेटी बनवायचं ठरवलं. वरती बटणं, आत काकांच्याच आवाजातले शब्द. बटण दाबलं की पेटी बोलणार. सगळ्यात पुढे होती चिमटी. ही मुलगी दिवसा एका औषधाच्या दुकानात हिशेब बघायची आणि अड्ड्यावर आली की केसांत चिमटा खोचून बसायची, म्हणून चिमटी. सोल्डरिंग तिला काकांनीच शिकवलं होतं. तिचा पहिला डाग बघून काका म्हणाले होते, "पोरी, हा डाग नाही, हा शेणाचा पो आहे." तेव्हापासून तिचा काकांवर फार जीव.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं, पण दवाखान्यातून फोन आला की सोमवारीच या, उशीर नको. म्हणजे हातात राहिला एक शनिवार.

त्या शनिवारी सकाळी काकू आयुष्यात पहिल्यांदा सवतीच्या घरी गेल्या. मंडळींनी एका कोपऱ्यात दोरीवर घोंगड्या टांगून त्याच्या आत माइक ठेवला होता. काका आत खुर्चीवर आणि काकू बाजूला स्टुलावर, मांडीवर कोमट पाण्याचा थर्मास घेऊन. चिमटी एकेक शब्द सांगायची आणि काका तो बोलायचे. पाणी. गोळी. दुखतंय. हो. नको. पुरे. दिवा लाव. खिडकी उघड. शब्द सगळ्यांनी मिळून ठरवले होते आणि नीट विचार करून ठरवले होते. कुणी दवाखान्यात विचारून आलं होतं, कुणी आपल्या आजारी वडिलांना आठवून सांगितलं होतं. काकूंनाही विचारलं होतं. एवढ्या लोकांपुढे काय सांगायचं ते न सुचून त्या म्हणाल्या होत्या, "पथ्याचं काहीतरी घाला."

काकांना एका जागी गप्प बसवायचं म्हणजे महाकर्मकठीण. दोन शब्दांच्या मध्ये त्यांची टकळी चालूच.

"अगं, तो पंखा बंद करायला सांग ना, माझ्यापेक्षा तोच जास्त बोलतोय."

"काका, फक्त शब्द," चिमटी म्हणायची.

"बरं. दुखतंय. अगं, हसतेस काय? मी काय नाटकात काम करतोय?"

"काका, परत घेऊ या. 'दुखतंय' परत."

"अगं, ही पोरगी ऑपरेशनच्या आधीच दुखवणार मला."

काकू पदर तोंडावर धरून हसत होत्या. दुपारपर्यंत सगळे शब्द झाले. चिमटी लगेच कॉम्प्युटरला चिकटली आणि संध्याकाळी तिने पेटी चालू करून दाखवली. प्रत्येक शब्द स्वच्छ. ना खोकला, ना पंख्याची घरघर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग टेबल रिकामं झालं, डबा रिकामा झाला आणि कॉम्प्युटर रिकामा झाला.

सोमवारी काकांचा आवाज गेला.

घरी आल्यावर काका दुबळे झाले होते, पण पेटीवर खूश होते. गळ्याला भोक, भोकावर फडकं, आणि मांडीवर पेटी. दुसऱ्या काही उपायांनी बोलता येतं असं दवाखान्यात सांगितलं होतं. ते काकांना साधलं नाही. पेटी मात्र इमानेइतबारे बोलायची. "दिवा लाव," आणि काकू दिवा लावायच्या. "गोळी," आणि काकू गोळी द्यायच्या. आवाज अगदी त्यांचा. पहिल्या दिवशी काकूंनी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडून घेतलं आणि मग डोळे पुसून भाजी फोडणीला टाकली.

घोटाळा हळूहळू लक्षात आला. खोलीतून पेटी म्हणायची, "पाणी." काकू पाणी घेऊन जायच्या. काका पेल्याकडे बघायचेही नाहीत. ते खिडकीबाहेर बोट दाखवायचे. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सदऱ्यात वारा भरून तो उभा राहिलेला असायचा. काकू बघायच्या, हसायच्या, पेला तिथेच ठेवून जायच्या. थोड्या वेळाने पुन्हा "पाणी." या वेळी चष्मा सापडत नसायचा. मग पुन्हा "पाणी," आणि काहीच नसायचं, नुसतं बस म्हणून खुर्चीवर हात थोपटायचे. संध्याकाळी खोलीत भरलेल्या पेल्यांची रांग लागायची.

एकदा पेले उचलताना काकूंच्या डोक्यात उजेड पडला. माणसाला पाणी हवं असतं ते दिवसातून चारदा. बायकोला हाक मारायची असते ती शंभरदा. पेटीत सगळं होतं, हाक नव्हती.

काकांनी काकूंना नावाने कधी हाक मारली नव्हती. उभ्या संसारात एकच शब्द: अगं. तोही एक नव्हता. चष्मा हरवलेला 'अगं' वेगळा, दूध उतू जातंय तो वेगळा, बाहेरून काहीतरी गंमत ऐकून आल्यावर चपला काढायच्या आत मारलेला वेगळा. रात्री जाग आल्यावर नुसतं चाचपून बघण्यासाठी पुटपुटलेला तर अगदीच वेगळा. त्यावरून काकूंना उठावं लागेल की बसल्या जागी 'हं' म्हणून भागेल ते कळायचं. इतक्या वर्षांत हा शब्द आपण रोज ऐकतो हेही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. घड्याळाची टिकटिक बंद पडली की मगच घरात घड्याळ होतं हे कळतं.

काकांना ते आधीच उमगलं होतं. पेटीच्या कोपऱ्यात एक बटण कोरं राहिलं होतं. ते त्यावर बोट आपटायचे, काहीच आवाज यायचा नाही, आणि काकूंकडे बघायचे.

काकूंनी पेटी पिशवीत घातली आणि अड्डा गाठला.

"एवढं एक बटण मोकळं आहे," त्या चिमटीला म्हणाल्या. "त्यात 'अगं' भरून दे. त्या दिवशी तुझ्यासमोर किती वेळा म्हणाले ते. तू वैतागली होतीस बघ."

चिमटी हसली. मग तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे मात्र बदलले. तिने मास्तरांकडे बघितलं. मास्तर हातातलं काम खाली ठेवून उभे राहिले.

"काकू, मी शब्द तेवढे ठेवले," चिमटी म्हणाली. "मधला सगळा कचरा... मधलं सगळं कापून टाकलं."

"कापलेलं कुठे असेल?"

"शनिवार होता ना काकू."

काकूंनी रिकाम्या टेबलाकडे बघितलं. पुसून लख्ख ठेवलेलं होतं. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं; रागाला निदान जागा तरी असते. पण आयुष्यभर त्यांनीही कापडातून कपडा काढून उरलेल्या चिंध्या केरात लोटल्या होत्या, आणि एखादी गिऱ्हाईक बाई महिन्यानंतर येऊन "ताई, त्यातलं वीतभर उरलं असेल का हो" असं विचारायची तेव्हा त्यांचाही चेहरा असाच व्हायचा. त्या एवढंच म्हणाल्या, "रडू नकोस. तुला काय ठाऊक."

मग शोधाशोध झाली. काका-काकूंचा मुलगा दूरच्या गावी असायचा, त्याला फोन गेला. त्याने त्याच्या फोनमधलं सगळं पालथं घातलं. वडिलांचा आवाज होता, पण मुलाशी बोलताना: तब्येत सांभाळ, गाडी हळू चालव, आईला देतो. लग्नाच्या व्हिडिओत काका होते, पण कॅमेरा दिसला की त्यांची दातखीळ बसायची. घरातल्या घरात मारलेली हाक कोण कशाला साठवून ठेवतो? मंडळींनी मग इथून 'अ' काढला, तिथून 'ग' काढला, शिवून बघितलं. ते जमेना म्हणून कॉम्प्युटरला काकांच्या आवाजाची नक्कल करायला शिकवलं. चिमटी आठवडाभर नीट जेवली नाही म्हणे. शेवटी एक 'अगं' तयार झाला. आवाज काकांचा, उच्चार स्पष्ट, काही म्हणता काही खोट नाही.

काकूंनी तो ऐकला आणि म्हणाल्या, "झकास." चिमटीचा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर काकांनी बटण दाबलं. "अगं."

"आले हो," म्हणत काकू स्वयंपाकघरातून आल्या. काका त्यांच्याकडे बघत होते. तो आवाज चष्मा हरवलेल्या माणसाचा नव्हता, गंमत सांगणाऱ्याचा नव्हता, कुणाचाच नव्हता. स्टेशनवर गाडीची सूचना द्यावी तसा तो बोलला होता. दोघांनाही ते त्याच क्षणी कळलं आणि दोघांनीही ते एकमेकांपासून लपवलं. काका रोज ते बटण दाबायचे, कारण पोरांनी एवढे कष्ट घेतले होते. काकू रोज "आले हो" म्हणायच्या, कारण काका दाबत होते. मग दिवसातून दोनदा, मग एकदा. मग एका दुपारी खोलीतून आवाज आला, "पाणी," आणि काकू रिकाम्या हाताने गेल्या आणि त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. काकांनी त्यांचा हात धरला. त्यानंतर त्या बटणाला कुणी हात लावला नाही.

पुढे दुखणं उलटलं. दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, त्या थांबल्या, आणि काका गेले. शेवटच्या दिवसांत बोटांत बटण दाबायचंही बळ नव्हतं.

पेटी बरेच दिवस कपाटात होती. काकूंनी ती एकदाच बाहेर काढली आणि डोळे मिटून एक बटण दाबलं. "खिडकी उघड," काका म्हणाले. खिडकी उघडीच होती. काकूंनी उठून ती आधी लावली आणि मग उघडली. मग पेटी कापडात गुंडाळून ठेवून दिली.

अड्ड्यावर बनलेली वस्तू गरज संपली की अड्ड्यावर परत, अशी तिथली रीत होती. पण काकूंकडे ती मागायला कुणी आलं नाही. चिमटी येऊन बसायची, चहा प्यायची, इकडचं तिकडचं बोलायची. एकदा बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं की एक बस ड्रायव्हर आहेत, त्यांनाही काकांसारखंच झालंय, ऑपरेशन जवळ आलंय. बोलल्यावर तिने जीभ चावली. काकू उठल्या आणि कपाट उघडलं.

शनिवारी त्या पेटी घेऊन अड्ड्यावर गेल्या. मास्तरांनी काकांचे सगळे शब्द एका चिपवर उतरवून त्यांच्या हातात दिले. मग पेटी कोरी केली. काकू समोर उभ्या राहून बघत होत्या. त्याला क्षणही लागला नाही.

घोंगड्या टांगलेल्या होत्या. ड्रायव्हर आडदांड माणूस, पण खुर्चीत अंग चोरून बसला होता. त्याची बायको शेजारी उभी राहून पिशवीचा बंद पिळत होती. अड्ड्यावर आता कुणाच्या आवाजातलं काही कापायचं नाही, काही पुसायचं नाही, असा चिमटीने नियमच करून घेतला होता आणि मास्तरांनी तो निमूट मान्य केला होता. तिने माइक सारखा केला. "सुरुवात 'पाणी'पासून करू या."

"थांब," काकू म्हणाल्या. "पाणी मग." त्या ड्रायव्हरकडे वळल्या. "आधी हिला हाक मारा. घरी मारता तशी."

"इथे? सगळ्यांसमोर?" ड्रायव्हर कानापर्यंत लाल झाला.

"समोर बसवून हाक येत नाही. ही माझ्याबरोबर आत येते. तुम्हाला समजा किल्ल्या सापडत नाहीयेत."

काकूंनी त्याच्या बायकोला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. प्लायवूडची पातळ भिंत, तिच्यामागे जुन्या कीबोर्डांचे ढीग आणि धुळीचा वास. दोघी त्या अंधुक उजेडात उभ्या राहिल्या. ड्रायव्हरची बायको हळूच म्हणाली, "मला रडू येईल हो काकू."

"येऊ दे. तू फक्त ओ देऊ नकोस."

बाहेर कुणीतरी घसा खाकरला. मग भिंतीपलीकडून खरखरीत, वैतागलेला, घरभर ऐकू जाईल असा आवाज आला.

"अगं!"

"आले हो!" काकू म्हणाल्या.

त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला होता. एक पाऊल पुढे पडलं होतं. ड्रायव्हरची बायको त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने काकूंच्या खांद्याला धरलं. काकूंनी कडी सोडली. कीबोर्डांच्या ढिगाला टेकून त्या तशाच उभ्या राहिल्या आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, दुसऱ्याच्या देखत, आवाज काढून रडल्या.

बऱ्याच वेळाने दाराशी चिमटीचा आवाज आला. "काकू... छान आलंय. पण त्याच्यामागे तुमचं 'आले हो' पण आलंय." ती अडखळली. "राहू दे ना तसंच?"

"राहू द्या काकू," ड्रायव्हरची बायकोही म्हणाली.

काकूंनी पदराने तोंड पुसलं.

"नको," त्या म्हणाल्या. "माझं काप. हाक हिला होती."